हीटर ठीक, तरी गाडी गार: एका कॅम्पर व्हॅनच्या डिझेल हीटरची मोजणी

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका दांपत्याच्या कॅम्पर व्हॅनचे आहे. मूळची मालवाहू, उंच छपराची पत्र्याची व्हॅन त्या दोघांनी सुमारे वर्षभर खपून राहण्याजोगी केली होती. चालकाच्या केबिनमागे साडेतीन मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद अशी राहण्याची जागा, तिच्या टोकाला आडवा पलंग, पलंगाखाली डिकी आणि त्या डिकीतच डिझेल हीटर, त्याची १० लिटरची स्वतंत्र टाकी, पाण्याची टाकी व पंप, अशी मांडणी होती. भिंतींना आणि छताला २० ते २५ मिलिमीटर जाडीचा फोम लावलेला होता. पत्र्याच्या फासळ्या मात्र बऱ्याच ठिकाणी उघड्या राहिल्या होत्या. हीटरच्या खोक्यावर ‘५ किलोवॉट’ असे छापलेले होते आणि गरम हवा डिकीतून पुढे आणण्यासाठी ७५ मिलिमीटर व्यासाची, सुमारे २.४ मीटर लांबीची लवचिक नळी पलंगाखालून कपाटाच्या पायथ्यापर्यंत नेलेली होती.

पुढची मोजणी समजण्यासाठी या हीटरची रचना थोडक्यात सांगणे भाग आहे. एक छोटा पंप ठरावीक मापाने, ठोक्याठोक्याने डिझेल पुढे ढकलतो, ग्लो प्लग ते पेटवतो आणि ज्वलन एका बंद कक्षात होते. या कक्षाला लागणारी हवा गाडीच्या तळाखालून येते आणि धूरही तळाखालीच सोडला जातो. त्याच मोटरवरचा दुसरा पंखा राहण्याच्या जागेतली हवा त्या कक्षाभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून फिरवून गरम करतो, त्यामुळे धूर आणि आपण श्वासात घेतो ती हवा यांची कुठेच गाठ पडत नाही. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला तेवढेच डिझेल जात असल्याने, पंपाची टक-टक मोजली की हीटर किती इंधन पितो आहे हे कळते. या प्रकरणात सर्वांत उपयोगी पडलेले साधन हेच, आणि त्याला पैसाही लागला नाही.

अडचण

तक्रार अशी होती की, बाहेर उणे ४ अंश सेल्सियस असताना थर्मोस्टॅट २२ वर ठेवून दोन तास हीटर चालवला, तरी गाडीतले तापमान ११ अंशांच्या वर गेले नाही. पुढच्या प्रवासात उणे १० पर्यंत जाण्याचा त्यांचा बेत होता आणि तेथे निदान २० अंश मिळावेत अशी अपेक्षा होती.

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी दोन ठिकाणी विचारणा केली होती. एका मेकॅनिकने जाळीसमोर हात धरून, हवा चटका बसेल इतकी गरम आहे, धूरही काळा नाही, तेव्हा हीटरमध्ये दोष नाही, असे सांगितले. दुसऱ्या एका जाणकाराने गाडीत बसून पाहिले आणि हीटर कमी ताकदीचा आहे, याहून मोठा बसवा, असा सल्ला दिला. दोन्ही मते एकाच गरम हवेवरून काढलेली होती आणि दोघांपैकी कोणीही तापमापक खाली ठेवून तासभर वाट पाहिली नव्हती. जाळीतून येणारी हवा गरम असणे आणि गाडी गरम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा मालकांना पटवणे मला थोडे जडच गेले. “मग हात का भाजतो?” हा बाईंचा प्रश्न रास्त होता. हवा ६० अंशांची असली तरी ती किती वाहते आहे, हे हाताला कळत नाही, एवढेच उत्तर मी त्या वेळी देऊ शकलो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मोठा हीटर बसवण्याचा होता आणि मालकांचा कल तिकडेच होता. त्याविरुद्ध माझे म्हणणे असे होते की, गाडीची खरी गरज न मोजता मोठा हीटर घेतला आणि ती गरज कमी निघाली, तर तो बहुतेक रात्री सर्वांत मंद गतीवर चालत राहील. मंद ज्वलनात कक्ष पुरेसा तापत नाही, काजळी धरते आणि दोन-तीन हंगामांत हीटर पेटायलाच कुरकुरू लागतो. दुसरा पर्याय सध्याचा हीटर उघडून साफ करण्याचा होता. तिसरा, पुढच्या भागात आणखी एक लहान हीटर बसवण्याचा, जागेअभावी लगेच बाद झाला. चौथा पर्याय काहीही न बदलता आधी एक-दोन रात्री मोजणी करण्याचा होता.

येथे माझ्याकडून चूक झाली. मोजणी आधी करायची असे मी सांगत होतो खरा; पण हीटर तीन हंगाम वापरलेला आहे हे ऐकल्यावर काजळीचाच दोष असणार असे मी मनाशी धरून चाललो आणि पहिल्याच दिवशी तो उघडला. ज्वलनकक्षात वापराच्या मानाने अगदी साधारण, बोटाने पुसली जाईल इतकीच काजळी निघाली. कक्ष एकदा उघडला की त्याचे गॅस्केट नवे बसवावे लागते. ते मिळेपर्यंत चार दिवस गाडी नुसती उभी राहिली. पंपाचे ठोके आधी मोजले असते, तर हीटर पूर्ण जोर टिकवतच नाही हे अर्ध्या तासात कळले असते.

मोजणीची तयारी

मोजणीचा हेतू एकच आकडा काढण्याचा होता: आतले आणि बाहेरचे तापमान यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे गाडी किती वॉट उष्णता बाहेर टाकते. तापमान स्थिर झाले की हीटर जेवढी उष्णता देतो तेवढीच गाडी गमावत असते. म्हणून दिलेल्या उष्णतेला तापमानातल्या फरकाने भागले की हा आकडा मिळतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास ऊर्जा असते आणि त्यातली ८० टक्के हवेत उतरते असे आम्ही धरले. हे ८० टक्के आम्ही मोजलेले नाहीत. परंतु सर्व रात्रींना तोच आकडा लावल्यामुळे रात्रींची एकमेकींशी तुलना त्याने बिघडत नाही.

इंधन मोजण्यासाठी हीटरची नळी टाकीतून काढून एका झाकणाच्या बरणीत सोडली आणि बरणी वजनकाट्यावर ठेवली. डिझेलचे एक लिटर साधारण ८४० ग्रॅम भरते, तेव्हा तासाला किती ग्रॅम कमी झाले यावरून मिलिलिटर काढता येतात. पंपाचे मापही वेगळे तपासले: १०० ठोक्यांत पडलेले डिझेल सिरिंजमध्ये धरले, ते २.२ मिलिलिटर भरले, म्हणजे एका ठोक्याला ०.०२२ मिलिलिटर.

आपोआप नोंद ठेवणारे पाच तापमापक लावले: फरशीपासून १० सेंटिमीटरवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, छताखाली १० सेंटिमीटरवर, डिकीत आणि बाहेर, धुराच्या नळीच्या विरुद्ध बाजूला. आतला एकही तापमापक गरम हवेच्या झोतात येणार नाही हे पाहिले. मालकांकडे लेसरचा बिंदू पाडून दुरून तापमान दाखवणारे यंत्र होते आणि त्यावर त्यांची बरीच भिस्त होती. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ते यंत्र फसते, कारण असा पृष्ठभाग स्वतःची उष्णता फारच कमी किरणांतून सोडतो आणि आसपासच्या थंड वस्तूंचे प्रतिबिंबच जास्त दाखवतो. हीटरच्या तोंडाशी नळी हाताला सहन होत नव्हती आणि यंत्र तेथे ३१ अंश दाखवत होते. त्याच जागी काळी चिकटपट्टी लावून पुन्हा पाहिल्यावर आकडा लगेच दुपटीच्या आसपास गेला, आणि त्यानंतर त्या यंत्राचा विषय निघाला नाही.

मोजणी रात्रीच केली, कारण दिवसा ऊन पत्रा तापवते. गाडी दिवसभर एकाच जागी, इंजिन बंद ठेवून उभी होती. आत कोणी थांबले नाही. शांत बसलेला माणूसही सुमारे १०० वॉट उष्णता देत असतो आणि दोघे बसले तर हिशेब तेवढ्याने चुकतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासून घेतला आणि धुराच्या नळीचे सांधे हात फिरवून पाहिले. हीटर पेटताना बॅटरीवर १२.५ आणि हीटरच्या टोकाशी ११.४ व्होल्ट आढळले. वायर बारीक होती; ती पुढे बदलली. गाडी गार राहण्याशी तिचा संबंध नव्हता.

पहिल्या दोन रात्री

पहिल्या रात्री काहीही न बदलता, थर्मोस्टॅट २२ वर ठेवून हीटर चालवला. बाहेर २ अंश होते. मी दाराबाहेर घड्याळ घेऊन उभा राहिलो. सुरुवातीला पंपाचे ठोके मिनिटाला २४० पडत होते, म्हणजे हीटर पूर्ण जोरात होता. वीस मिनिटांच्या आसपास ती टक-टक ऐकता ऐकता मंदावली आणि पुढे मिनिटाला १२९ वर स्थिरावली. आत डोकावून पाहिले तर कंट्रोलरच्या पडद्यावर २१ अंश दिसत होते आणि त्याच क्षणी छातीच्या उंचीवरचा तापमापक १२ दाखवत होता.

कंट्रोलर कपाटाच्या बाजूला, गरम हवेच्या जाळीच्या वर जेमतेम ४० सेंटिमीटरवर बसवलेला होता आणि तापमानाचा सेन्सर त्या कंट्रोलरच्या आतच होता. जाळीतून निघालेली हवा वर चढताना आधी त्यालाच भेटत होती. गाडी गरम झाली असे समजून हीटर जोर कमी करत होता. तिसऱ्या तासाअखेर छातीच्या उंचीवर १५, छताखाली २२ आणि फरशीजवळ ७ अंश होते. त्या तासात १४३ ग्रॅम, म्हणजे १७० मिलिलिटर डिझेल गेले. हिशेबाने हीटर १.३६ किलोवॉट उष्णता देत होता आणि गाडी एका अंशामागे सुमारे १०५ वॉट गमावत होती.

तसेच, हीटर ज्या डिकीतली हवा ओढत होता ती ६ अंशांची होती. गरम हवा पुढे टाकायची आणि परतीची हवा पलंगाच्या फटींतून कशीबशी मागे यायची, अशी रचना असल्याने डिकीत ओढ निर्माण होत होती आणि मागच्या दाराच्या रबरातून बाहेरची थंड हवा आत येत होती. रबराजवळ धरलेली उदबत्ती ते स्पष्ट दाखवत होती. धूर सरळ हीटरकडे वळत होता. हीटरच्या तोंडाशी ७० अंशांवर असलेली हवा जाळीपर्यंत ५९ वर येत होती, म्हणजे मिळालेल्या उष्णतेचा जवळजवळ सहावा हिस्सा उघडी नळी वाटेतच डिकीत सांडत होती.

दुसऱ्या रात्री निर्णयाचा प्रसंग आला. कंट्रोलर हलवून पुन्हा मोजायचे, की थर्मोस्टॅटला बाजूला ठेवून हीटरची खरी ताकद आधी पाहायची? आम्ही दुसरा मार्ग घेतला, कारण मोठा हीटर घ्यायचा की नाही याचे उत्तर त्यातच होते. कंट्रोलर ठरावीक गतीच्या पद्धतीवर टाकून हीटर तीन तास पूर्ण जोरात चालवला. बाहेर १ अंश असताना छातीच्या उंचीवर २४, छताखाली ३३ आणि फरशीजवळ १२ अंश झाले. डिझेल तासाला ३१७ मिलिलिटर लागले, म्हणजे उष्णता २.५ किलोवॉटच्या आसपास आणि गळती अंशामागे ११० वॉट. पहिल्या रात्रीच्या १०५ शी हा आकडा इतका जुळला की पद्धतीवर विश्वास बसला.

खोक्यावरच्या ५ किलोवॉटचे काय, हा प्रश्न मग उरतोच. खरोखर ५ किलोवॉट उष्णता द्यायची तर हीटरला तासाला सहाशे मिलिलिटरहून जास्त डिझेल लागले असते. त्याचा पंप पूर्ण गतीला त्याच्या निम्मेच देत होता. जे प्यायलेच नाही त्याची ऊब कोठून येणार?

निर्णय

आता हिशेब कागदावर मांडता आला. उणे १० बाहेर आणि २० आत, म्हणजे ३० अंशांचा फरक. अंशामागे १०५ वॉट धरले तर ३.१५ किलोवॉट हवेत, आणि हीटर २.५ देतो. याचा अर्थ दुसरा सल्लागार अगदीच चुकीचा नव्हता. परंतु गळती ८० वॉटवर आणता आली तर तीच गरज २.४ किलोवॉट होते आणि असलेला हीटर काठावर का होईना, पुरतो. उणे १० च्या रात्री वर्षात मोजक्या आणि ० ते ५ अंशांच्या रात्री पुष्कळ, हे मालकांनीच सांगितल्यावर मोठ्या हीटरचा विषय मिटला.

बदल असे केले. कंट्रोलर समोरच्या भिंतीवर, बसल्यावर डोके येते त्या उंचीला नेला. पलंगाच्या पुढच्या फळीत, फरशीलगत, गरम हवेच्या नळीपेक्षा मोठ्या तोंडाची जाळी कापली आणि हीटरला डिकीपासून वेगळे करणारा खोका बांधला, म्हणजे परतीची हवा राहण्याच्या जागेतूनच येईल. नळीतले एक काटकोनी वळण काढून तेथे मोठा बाक दिला आणि पूर्ण नळीला इन्सुलेशनचे वेष्टन चढवले. केबिन आणि राहण्याची जागा यांच्यामध्ये जाड, अस्तर भरलेला पडदा लावला आणि पुढच्या काचांना आतून गाद्या बसवल्या. एकेरी काच उष्णतेला जवळजवळ काहीच अटकाव करत नाही आणि केबिनमध्ये अशी काच पावणेतीन चौरस मीटर होती.

मालकांना छतावरची आणि फरशीतली वायुवीजनाची छिद्रेही बुजवायची होती. त्याला मी ठाम नकार दिला. झोपलेली दोन माणसे श्वासातून आणि घामातून रात्रीत अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत सोडतात. छिद्रे बुजवली तर ते पाणी उघड्या फासळ्यांवर जमते. शिवाय धुराची नळी कधी सैल झाली, तर ती छिद्रे आणि अलार्म एवढाच आधार उरतो.

या टप्प्यावर वेगळे करता आले असते असे एक आहे. कंट्रोलर, परतीची जाळी आणि नळीचे वेष्टन हे तिन्ही बदल आम्ही एकाच दिवशी केले. मालकांची निघायची घाई होती. त्यामुळे कोणत्या बदलाने किती फरक पडला हे आज सांगता येत नाही. पडद्याचे मात्र वेगळे मोजता आले.

परिणाम

तिसऱ्या रात्री पडदा व गाद्या न लावता, थर्मोस्टॅट २० वर ठेवून मोजले. बाहेर ३ अंश असताना छातीच्या उंचीवर बरोबर २०, छताखाली २५ आणि फरशीजवळ १४ मिळाले. तासाला २०० मिलिलिटर डिझेल गेले. गळती ९४ वॉटवर आली. चौथ्या रात्री पडदा ओढला, गाद्या लावल्या. बाहेर ० असतानाही आत २० टिकले आणि डिझेल १९५ मिलिलिटर लागले, म्हणजे गळती ७८ वॉट. केबिन पडद्याने वेगळी केल्याचा आणि काचा झाकल्याचा लाभ एकट्याने १६ वॉटचा होता, आणि हा सर्वांत स्वस्त बदल होता. छत आणि फरशी यांच्यातला फरक १५ वरून ११ अंशांवर आला. पायांना गारवा अजून जाणवतो, त्यासाठी फरशीखाली इन्सुलेशन लागेल आणि ते काम मालकांनी पुढच्या हंगामावर ढकलले आहे.

महिन्याभराने त्यांचा निरोप आला. उणे ८ च्या रात्री गाडीत १९ अंश टिकले होते. पण त्याच निरोपात एक तक्रारही होती, आणि ती आमच्याच कामाने ओढवलेली होती: पहाटे नळाला पाणी येईना. डिकीतल्या पंपापासूनची नळी गोठली होती. आधी गरम हवेची उघडी नळी जी उष्णता वाया घालवत होती, तीच नकळत पाण्याच्या टाकीला सांभाळत होती. वेष्टन चढवताना डिकीतल्या तापमापकाकडे मी पाहिलेच नाही, कारण डिकी गरम ठेवणे हा कोणाच्याच मागणीत नव्हता.

त्यांनी गाडी परत आणली तेव्हा पाण्याच्या टाकीलगतच्या गरम हवेच्या नळीचे अर्ध्या मीटरचे वेष्टन कापून काढले आणि पाण्याच्या नळीला ते गुंडाळले. त्या रात्री बाहेर उणे ५ असताना डिकी ३ अंशांवर राहिली. गळतीचा आकडा ७८ वरून ८१ झाला.